नांदगावला क्रॉसिंग

तिकीट पस्तीस रुपये. एसटीला ऐंशी,
वर सामानाचं वेगळं,
पोट ढवळतं ते फुकट.
म्हणून शेवंती मेस्त्री
शिलाई मशीनचं मुंडकं चादरीत गुंडाळून
पॅसेंजरनं कुडाळला नेतायत, दुरुस्तीला.
खिडकी मशीनला दिलीय.
"वाऱ्यार बसांदे," म्हणाल्या,
"वीस वर्सां घरातच आसा."

नांदगावला गाडी बाजूच्या रुळावर घेतात.
का, म्हणून कुणी विचारत नाही.
समोरचे गृहस्थ उतरून नळावर बाटली भरतात, तोंड धुतात,
पुन्हा बाटली भरतात.
एक पोरगी चपला हातात घेऊन धावत येते.
"सावकाश गो," गार्ड म्हणतो,
निशाण काखेत.

मग ती येते, लांब पल्ल्याची, काचबंद.
डब्यामागून डबे,
एकही चेहरा धड दिसत नाही.
तिच्या हादऱ्यानं चादरीखाली
मशीनचं चाक जरासं फिरतं.
टक्. टक्.
"चालता मरे!" शेवंतीबाई दचकतात,
आणि उतरून परत फिरावं की काय
असं एकदा फलाटाकडे बघतात.

पण तिकीट काढलंय कुडाळचं.
कुणीतरी तळलेले गरे पुढे करतं.
गाडी सुटल्याचं कळतच नाही,
फक्त नळ मागे जातो,
मागोमाग कुळथाचं शेत, कुणाचं तरी वाळवण.

माझं तिकीट कणकवलीचं.
कणकवली येते. जाते.
कुडाळला जिना आहे,
आणि ते मुंडकं एकटीनं उचलायचं नाही.
टीसी आला तर काय सांगायचं
ते शेवंतीबाईंनी ठरवून ठेवलंय.