सहा की नऊ

एन्सखेडे, डिसेंबर. चार वाजताच अंधार.
तळघरातल्या प्रयोगशाळेत मी टेबलांचे स्क्रू आवळतो,
तीस वर्षं तेच करतो आहे,
आणि दर शुक्रवारी वीत्स्के म्हणते,
"हार्मेन, काहीतरी लपव. सांगू मात्र नकोस."

मागच्या खेपेला मध्ये कोंबडीचा पातळ काप होता,
तुर्की खाटकाकडचा. उरलेलं तिने रात्री परतून खाल्लं.
आज साधी दुधी काच.
काचेमागे फॉइलमध्ये कोरलेला आकडा,
मिठाच्या खड्याएवढा,
भिंगाखाली, श्वास रोखून कापलेला.

लाल प्रकाश काचेत शिरला
आणि वाट फुटेल तिकडे गेला.
पडद्यावर आलं ते चित्र नव्हेच.
सांडलेला रवा.

मग तिने किरण केसभर कलवला
आणि सगळा रवा, न विस्कटता, तेवढाच सरकला.
"बघ, भरकटलाय, पण विसरला नाहीये.
थोडंसं असतं त्याच्या लक्षात.
जास्त कलवलं की संपलं."

वडील गिरणीतून यायचे तेव्हा
न्हाणीघराच्या खडबडीत काचेआड
एक पांढरट डाग हलायचा, बिनचेहऱ्याचा.
खांद्यावर पाणी कसं पडतंय त्यावरून आम्हाला कळायचं
आज जेवताना बोलायचं की नाही.

साडेनऊला गणितातून एक वेटोळं वर आलं, त्याला शेपूट.
"नऊ!" तिने टाळी वाजवली.
पुन्हा चालवलं: सहा.
पुन्हा: सहा. मग नऊ.
"दोन्ही बरोबर," ती म्हणाली, जरा हिरमुसून.
"वर कुठे नि खाली कुठे, ते या रव्यात उरतच नाही.
तूच सांग आता."

मी कापला तेव्हा सहाच होता.
नातू सहाचा झाला, खोनिंगेनला,
मी गेलो नाही, म्हणून सहा.
पण लावताना फॉइल चिमट्यातून निसटली,
टेबलावर गरगरली,
आणि हाताला आली तशी मी बसवली.

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो.
"काच काढून बघू?"
तिने कोट चढवला. "सोमवारी."

दारात उभा राहिलो.
कालव्यावरच्या धुक्यात तिच्या सायकलचा मागचा दिवा
आधी दिवा होता, मग डाग,
मग सगळं धुकंच जरासं लाल.
ते लाल एकदम डावीकडे सरकलं,
तेव्हा कळलं, पुलापाशी पोचली.