दूरचा नातलग

टीबी नव्हे, डॉक्टर शेणॉय म्हणाल्या,
टीबीचा दूरचा नातलग.
तोवर टीबीच्या गोळ्या नऊ महिने गिळून झालेल्या,
आणि सेक्टर पंधरातल्या अख्ख्या जिन्याला
माझा कप वेगळा ठेवतात हे ठाऊक झालेलं.

माणसाकडून नाही येत हा.
पाण्यात असतो, कुंडीतल्या मातीत,
शॉवरच्या जाळीत.
मला हसूच आलं.
सव्वीस वर्षं पालिकेसाठी पाण्याचे मीटर वाचले मी,
कोपरखैरणे, घणसोली, पुढे ऐरोली.
झाकण उचल, काच पूस, आकडा लिही.
मोरबेचं पाणी कुणाकडे किती गेलं, मला विचारा.
माझ्यात किती मुरलं, ते सीटी स्कॅनला.

थुंकी निगेटिव्ह आल्यापासून पुढे बारा महिने औषध,
असा ह्याचा हिशेब.
म्हणजे निगेटिव्ह येईस्तोवरचे दिवस
कुणी मोजतच नाही.
माझे चौदा महिने असे बिनमोजणीचे गेले.
सुयांनी डाव्या कानात एक रातकिडा सोडला,
तो अजून आहे.
एका गोळीनं कातडी अशी काळवंडली
की नणंद म्हणाली, गोव्याला जाऊन आलीस की काय?
वजन अडतीस. बांगड्या कोपराशी.

मग एकदाचं वर्ष भरलं. ह्यांनी पेढे आणले,
शेजारच्या वैजयंतीनं दोन घेतले,
माझ्याच हातून.

सतरा महिन्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह.
जुनाच, की नळातून आलेला नवा?
शेणॉय बाई पेनाचं टोपण उघडझाप करत राहिल्या.
काहींचा जातो, म्हणाल्या.
काहींचा जातो नि येतो.
काहींना त्याच्यासकट राहायला शिकावं लागतं.
तुम्ही कुठल्या, ते आत्ता नाही सांगता येणार.

शॉवर काढून टाकलाय. बादली, तांब्या.
सकाळी अर्धा तास छाती मोकळी करायची,
डबीत थुंकायचं, नावाची चिठ्ठी चिकटवायची.
उत्तर आठ आठवड्यांनी.

परवा मीटर वाचायला नवा पोरगा आला.
काच न पुसताच लिहायला लागला.
आधी पूस, म्हटलं, आणि खोकल्याची उबळ आली.
तो दोन पायऱ्या खाली सरकला.
पाण्यातला आहे रे, तुझ्यापर्यंत नाही येत.
मग त्यानं बाहीनं काच पुसली.

शेवटचा आकडा
हळूच फिरत होता.
घरातले सगळे नळ
मी बंद करून आले होते.