गाठी चढल्या की

जिनिंगच्या फाटकाशी, वजनकाट्याच्या खोलीत
हा कॉम्प्युटर दोन हजार अकरापासून बसलेला.
मॉनिटरच्या कपाळावर दसऱ्याचं कुंकू, वाळून तपकिरी.
उकंडराव भोयर म्हणाले,
"उन्हाळ्यात याले रेंज असते बाई.
सीझन लागला का मरते."

मी हिंगणघाटहून आलेली. स्कूटीच्या डिकीत
पेचकस, खोडरबर, मेकअपचा जुना ब्रश
आणि नवं वायफाय कार्ड, खोक्यासकट.
आधी हसले. मग खिडकीतून पाहिलं.
इथून ऑफिस साठ पावलं
आणि मधोमध कापसाच्या गाठी,
दाबून, पट्ट्या आवळून रचलेल्या.
मे महिन्यात तिथं नुसती फरशी असते,
डिसेंबरात भिंत.
"तीन थर असले तं चालते," ते म्हणाले,
"चौथा चढला का गेली."
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग करता काय?
त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला,
सुतळीला बांधलेला, टोपण हरवलेला.
"पाच गाड्या झाल्या का हे घेऊन जातो.
तिकडे सुलभाबाई चढवून घेतात."

कॅबिनेट उघडलं.
पंख्यावर रुईचा थर, राखाडी,
एका बाहुलीची उशी सहज भरली असती.
खाली एक पाल, कधीची, कागदासारखी.
जुनं कार्ड हलेना. त्याचा बोटभर अँटेना
मागच्या भिंतीला नाक लावून उभा,
पुढ्यात सगळं पत्र्याचं खोकं.
एवढी वर्षं तो भिंतीशीच बोलत होता बिचारा.

शेजारी एक छोटा स्लॉट होता, कंपनीतून आला तसाच,
कधी कुणी काही खोचलं नव्हतं त्यात.
नवं कार्ड तिथं टक् करून बसलं.
आणि पडद्यावर पिवळं उद्गारचिन्ह.

ड्रायव्हर सीडीत होता,
सीडीचा ट्रे टाचणी टोचूनही उघडेना.
ड्रायव्हर नेटवरही होता,
पण नेट यायला ड्रायव्हर पाहिजे.
उकंडराव वाकून बघत होते.
"म्हंजे विहिरीत उतराची शिडी
विहिरीतच पडली."
मी माझा फोन केबलने जोडला.
उतरवला तो चौसष्टचा निघाला, मशीन बत्तीसचं.
पुन्हा उतरवला.
तोवर दोन ट्रॅक्टर, एक मेटाडोर,
आणि वजनं त्यांनी वहीत लिहिली,
सात या आकड्याला मधे आडवी रेघ मारून.

अँटेनाच्या बुडाला चुंबक होतं.
ते वायरीनिशी खिडकीच्या वरच्या गजाला लावलं,
गाठींच्या डोक्यावरून पलीकडचं दिसेल असं.
एक काडी.
गजाच्या टोकाला सरकवलं.
तीन. मग चार.
पाचवा थर चढवणारे हमाल थांबून बघायला लागले,
जणू मी खिडकीत पोपट बसवला.

वडनेरचा ट्रॅक्टर काट्यावर आला.
चौतीस क्विंटल साठ.
उकंडरावांनी एंटर दाबलं आणि बोट तिथंच ठेवलं.
फोन वाजला. सुलभाबाई नगराळे.
"आलं वजन. पावतीबी निघाली."
मग थोडा वेळ नुसता प्रेसचा आवाज.
"तुम्ही नाही आले?"
"नाही. आता ते आपल्या मनानंच येते म्हंतात."
"असं का," त्या म्हणाल्या.

मी बिल लिहीत होते.
जुनं कार्ड नेऊ का, विचारलं.
"राहू द्या," म्हणाले, आणि रुमालाने पुसून
वहीत खूण म्हणून ठेवलं.

दुसरी गाडी. तिसरी. चौथी.
पाचवीचं वजन झालं
आणि ते खुर्चीतून उठले, चपला चाचपल्या,
खिशाला हात लावला,
माझ्याकडे पाहिलं, बसले.
पुन्हा उठले.
"पाणी पिऊन येतो," म्हणाले,
आणि गाठींना वळसा घालून निघाले ऑफिसकडे.

माठ इथेच होता, त्यांच्या खुर्चीमागे,
ओल्या फडक्यात गुंडाळलेला,
झाकणावर उपडा पेला.