टाचण

फरशीवर अकरा पुस्तकं मांडली आहेत
पत्त्यांचा डाव मांडावा तशी.
दत्तवाडीच्या या खोलीत मोकळी जागा एवढीच,
दिवाण आणि शिलाई मशीनच्या मधली.
तिसरी ब, परिसर अभ्यास, पट चव्वेचाळीस.
उद्या टाचणवही मोठ्या बाईंच्या टेबलावर हवी.

रकाने छापील: घटक, तासिका, साहित्य, निष्पत्ती.
साहित्याखाली नऊ वर्षं मी लिहीत आले, तक्ता.
तक्ता म्हणजे कपाटामागे गुंडाळलेला तो,
ज्यातल्या फुलाच्या पाकळ्या
वाळवीने एकेक करून मोजल्या.

यंदा पुस्तकं.
सात अप्पा बळवंत चौकातून, घासाघीस करून, दोनशे ऐंशीला.
चार वरच्या इंगवल्यांची; त्यांचा मुलगा मोठा झाला,
एका पानावर त्याच्या वरणाचा डाग आहे,
नेमका समुद्रावर, बेटासारखा.

बीचं पुस्तक आधी घेतलं.
एक मुलगी बी पेरते, आणि मग
सहा पानं काहीच होत नाही.
माती. माती. मातीवर मुंगी. माती.
मी तासिका दोन लिहिल्या होत्या, खोडून सहा केल्या.
काहीच होत नाही हे शिकवायला वेळ लागतो.

मग चंद्राचं. रोज रात्री बघायचा, वहीत काढून आणायचा,
असं लिहिलं, आणि तेजल घोलप आठवली.
तिच्या घराला खिडकी नाही,
आकाश तिला भेटतं पहाटे पाचला, नळाच्या रांगेत.
वर्गाचा चंद्र वाढत जाईल तेव्हा तिचं पान कोरं,
वर्गाचा निजायच्या आत उगवेनासा झाला की
हिचा सुरू होईल, आणि कमी कमी होत जाईल.
दोन वह्या शेजारी ठेवल्या तर महिना पुरा होतो.
याला रकाना नाही. समासात लिहिलं, आडवं.

बेडकाच्या पुस्तकापाशी अडकले.
पान नऊ: शेपूट, आणि पुढचे दोन पाय.
पान दहा: चारही.
चित्र फार सुंदर, पाणी तर हात घालावा असं.
पण मागचे आधी येतात ना?
तांबोळी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या,
मागचेच गं, व्हाइटनर लाव आणि वर काढ,
पोरांना काय कळतंय.

पोरांना कळतं. एकाला कळलं होतं.
मागच्या जुलैत उमेर आंबिल ओढ्यातून
श्रीखंडाच्या डब्यात तीन पिल्लं घेऊन आला,
बाई, याला मागं पाय फुटलेत, बघा की,
आणि मी म्हटलं, हा तास गणिताचा आहे,
ठेव तिकडे खिडकीत.
शनिवार होता.
सोमवारी डबा कोरडा होता, तळाशी
तीन काळ्या रेघा.
तो काही बोलला नाही. सातचा पाढा म्हणाला, न चुकता.

व्हाइटनर मी लावलं नाही.
लिहिलं:
तासिका एक ते तीन, नुसता डबा. पाणी ओढ्याचं, नळाचं नको.
शनिवारी डबा कोणाच्या घरी, त्याची पाळी लावणे.
तासिका चार, पुस्तक. पान नऊ उघडून ठेवणे. गप्प बसणे.
निष्पत्ती:
विद्यार्थी छापील चित्राला नाही म्हणतो.

केंद्रप्रमुख याच्याभोवती लाल गोल काढतील.
काढू देत, गोल वाया जात नाही, चंद्राला येईल.

उमेर आता चौथीत, वरच्या मजल्यावर.
त्या दिवशी त्याला एक तास खाली मागून घ्यायचा,
दाखवायला नाही. बघायला बोलवायचं.
हे वहीत बसेना म्हणून तळहातावर लिहिलं,
निळ्या पेनने,
आणि आता कणीक मळायची आहे.