गुरुवारचं पत्रक

गुरुवारी दोनपर्यंत पत्रक निघायला हवं.
बावीस वर्षं मीच टाइप करते, मीच घडी घालते.
फोटोकॉपीचं मशीन हात जोडले की चालतं
आणि लाथ घातली की पळतं.

या आठवड्याचा मजकूर असा:
दुसरीच्या वर्गात उवा सापडल्यात. कुणाच्या, ते विचारू नये.
कॅन्टीनमधला सॉसेज रोल पन्नास सेंटने महागला.
सापडलं: एक डावा बूट,
टिशूत गुंडाळलेला पुढचा दात,
निळी जपमाळ, एक मणी कमी.
(हरवलेलं शोधून देणारे संत अंतोनी
आमच्या शाळेत पगारी असते
तर नुसत्या ओव्हरटाइमवर श्रीमंत झाले असते.)

पहिल्या कम्युनियनची तालीम मंगळवारी.
सरावाला देतो ती भाकर अजून नुसती भाकर आहे,
तरी ती खिशात घालून वासराला चारू नये.
मार्को, तुलाच.

इथवर येते आणि बोटं थांबतात.
लिओ स्कॅनलनला कुठे बसवू?
उवांच्या खाली? सॉसेज रोलच्या वर?

एकोणीस वर्षं हा माणूस
शाळेपुढच्या रस्त्यात लाल पाटी घेऊन उभा राहिला.
दुधाचे टँकर थांबवले, लाकडाचे ट्रक थांबवले,
एकदा बिशपची गाडी थांबवली,
कारण एका पोराची नाडी सुटली होती.
त्याचा पश्चात्ताप झाला नाही,
कन्फेशनमध्येही सांगितलं नाही,
असं तोच सगळ्यांना सांगायचा.

भस्मबुधवारच्या आदल्या दिवशी एक्केचाळीस डिग्री,
अख्ख्या गिप्सलँडात काडी ओढायला बंदी.
फादर सेबिन, केरळहून नवे आलेले,
गेल्या वर्षीच्या झावळ्या छातीशी धरून ऑफिसात उभे:
"मग राख कुठून आणू?"
लिओ, अग्निशामक दलातला जुना माणूस,
बिस्किटाचा रिकामा डबा घेऊन आला.
मोरीतल्या सिंकमध्ये, नळ हाताशी ठेवून,
पाच मिनिटांत त्याने चाळीस दिवसांची सोय केली.
दुसऱ्या दिवशी पोरांच्या कपाळावरची राख
घामाबरोबर नाकापर्यंत उतरली.
तू माती आहेस, फादर म्हणाले.
"गुडघ्यांना आधीच कळलंय, फादर."

रविवारी रात्री गेला. झोपेत.
पाटी अजून माझ्या दारामागे आहे,
दांड्याला त्याच्या हाताइतकी जागा गुळगुळीत.

आज सकाळी शाळेच्या मिस्सेत
दुसरीतली अडुत विनंत्या वाचायला उभी राहिली.
कागद हातात होता. कागदाकडे पाहिलंच नाही.
"देवा, तिकडे रस्ते असतील
तर लिओंना पुन्हा मधोमध उभं करू नकोस.
आता कुणीतरी त्यांचा हात धरून
त्यांना पलीकडे न्यावं."
'प्रभू, आमची प्रार्थना ऐक' म्हणायला
आम्हाला सगळ्यांनाच थोडा उशीर झाला.

मिस्सा सुटल्यावर तिची आई आली, अचोल,
वृद्धाश्रमातली रात्रपाळी अजून अंगावर, डोळे लाल.
लिओबद्दल काही बोलली नाही.
दारामागची पाटी उचलली, वजन पाहिलं.
तिची उंची अशी, की ती पाटी
आता थेट टँकरवाल्याच्या तोंडापुढे जाईल.
"सकाळचं मी बघते," म्हणाली,
"दुपारी मला झोपायचं असतं."

तर शेवटी असं छापतेय:
हवे आहेत, दुपारी सव्वातीनला, पाटी धरणारे दोन हात.
अंत्यविधी सोमवारी अकरा वाजता.
नंतर सभागृहात चहा. प्रत्येकाने ताट आणावं,
म्हणजे भरलेलं;
फादर, मागच्या वेळी तुमचं रिकामं पाहून
लिओनेच त्यात अर्धा केक ठेवला होता.

उवा मागच्या पानावर गेल्यात.
पुढे जागा उरली नाही.