पन्नास ग्रॅम

पुस्तक रद्दीत आलं होतं, काळाचौकीच्या नाक्यावर.
छपाई मॉस्कोची, भाषा मराठी.
कागद इतका गुळगुळीत की पुडी बांधली तरी सुटायची,
म्हणून हरखचंदनं मला फुकट दिलं.
मी तेव्हा रेशनच्या दुकानात मापाडी.
दुपारी शटर अर्धं ओढून
तांदळाच्या थप्पीला टेकून वाचायचो.

आधी नावांनी घाम काढला.
एकाच माणसाला तीन नावं:
बापाकडून आलेलं, आईनं हाक मारायचं,
आणि पोलिसांनी लिहून घ्यायचं.
मग लक्षात आलं, आमच्या चाळीतही हेच.
पुढे सोपं गेलं.

एक गोष्ट होती सात पानांची.
बर्फातलं गाव. एक गिरणीवाला,
आपल्याकडची कापडाची नव्हे, पिठाची गिरणी.
दाणे तोलताना पारड्यावर अंगठा टेकवायचा,
हलकेच, माशी बसावी तसा.
समोर एक विधवा. तिला अंगठा दिसतो.
ती पोतं खांद्यावर घेते, दारात वळते,
म्हणते, "देव तुमच्या हाताला बरकत देवो."
(बरकत हा शब्द अनुवाद करणाऱ्याचा.
ती बाई तिच्या भाषेत काय म्हणाली, कोण जाणे.)

रात्री त्याचा अंगठा ठणकतो.
तो उठतो, कंदील लावतो,
कोटाच्या दोन्ही खिशांत दाणे भरतो,
गुडघाभर बर्फातून चालत जातो.
तिच्या खिडकीत अजून उजेड.
तो कडीला हात लावतो आणि

पुढचं पान नव्हतं.
शिवणीत कागदाची एक दातरी कड तेवढी.

परळच्या मोफत वाचनालयात कुडतरकर मास्तर बसायचे.
त्यांना विचारलं, शेवट काय असेल?
म्हणाले, "लघुकथा कडीपर्यंत नेते रे.
दार ज्याचं त्यानं उघडायचं."
मास्तरांना असं बोलायची खोड होती.
मी चिडलो. मला पान हवं होतं.

कारण अंगठा मलाही होता.
मालकानं पहिल्याच आठवड्यात शिकवलेला.
कार्डामागे पन्नास ग्रॅम.
लोकांची नजर काट्यावर असायची,
तोडणकरीण मात्र माझ्या तोंडाकडे बघायची.
नवऱ्याचा पगार बंद झालेला,
पिशवी गिरणीच्याच कापडाची, दोनदा शिवलेली.
"बरा आहेस ना रे?" विचारायची,
आणि मी अंगठा टेकवायचो.

एका शनिवारी दोन किलो तांदूळ घेतले,
स्वतःच्या पैशानं, नीट तोलून,
आणि तिच्या खोलीवर गेलो.
दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, आठ दिवस झाले, गावी गेली सगळी,
मालवणच्या बाजूला कुठेतरी. आता येतायत कसली?
"हे काय आणलंस?"
"उरलेले," म्हणालो.
तिनं ठेवून घेतले.

पंचवीस वर्षांनी फाउंटनच्या फूटपाथवर
तेच पुस्तक दिसलं, पाठीवर डिंकाची पट्टी.
उभ्यानंच सातवं पान काढलं.
ती दार उघडते.
दाणे ओंजळीत घेते, ओंजळ जरा वरखाली करते,
म्हणते, "अजून मूठभर कमी आहेत,"
आणि दार लावून घेते.
गोष्ट तिथेच संपते. खाली अर्धं पान कोरं.

विक्रेता म्हणाला, घ्यायचं तर घ्या, काका.
घेतलं. घासाघीस केली नाही.

रात्री जुन्या कॅलेंडरच्या मागे आकडे मांडले.
तोडणकरीण, दोन वर्षं,
महिन्यातून दोन खेपा, अठ्ठेचाळीस.
गुणिले पन्नास.
दोन किलो चारशे.

मी दोन नेले होते.