रकाना नऊ

"विशेष गरजा असलेल्या बालकांसाठी
मैदानावर केलेली सोय."
पुढं दोन ओळींची जागा.
शाळेत उतार आहे, सिमेंटचा, कठडा लावलेला.
तो शौचालयापर्यंत जातो,
मैदानापर्यंत जात नाही.
पेन उघडून बसलोय कधीचा
आणि आठवायलीय
औशाच्या किल्ल्याकडची आमची गल्ली,
लिंबाखालचा खेळ,
सुकेशनी.

पायात तिच्या चामडी पट्टे, दोन लोखंडी सळ्या.
आम्ही वाईट नव्हतो हो,
तिला कुणी हसलं तर दगड उचलायचो.
खेळायला घ्यायचोच, रोज.
"सुके, तू कच्चं लिंबू."
कच्च्या लिंबाला बाद करत नाहीत,
कच्च्या लिंबावर राज्य येत नाही,
त्याला शिवलं तरी शिवलं नाही धरायचं.
आणि खेळ रंगात आला की
"चपला राख गं आमच्या."

नऊ-दहा जोड.
टँकरच्या नंबरात घागरी लावाव्यात
तशी ती मांडायची ओळीनं.
कुणाचा अंगठा तुटलाय, कुणाला खिळा टोचतोय,
कोण आज बापाच्या घालून आलंय.
आमचे पाय तिच्याइतके कुणी वाचले नसतील.

वैशाख सरत आलेला. निंबोळ्या पिवळ्या पडायलेल्या.
आम्ही गोल करून सुटत होतो,
पालथे हात, उताणे हात,
त्यात आणखी एक हात आला.
"सुके, तू तर..."
"लिंबाला लिंबू लागतंय का रे कधी?
मला बाद करा.
माझ्यावर राज्य येऊ द्या."

मैनोद्दीन म्हणाला, "पण तू पळणार कशी?"
तिनं विटकराचा तुकडा घेतला,
खाली बसून सरकत सरकत
झाडाभोवती रिंगण ओढलं.
"ह्याच्या बाहीर जायचं न्हाई.
तुम्ही समदे लंगडीवर. मी माझ्या पायानं."
"असं कुठं असतंय का?"
"लगोरीला सात ठिकऱ्या घावल्या न्हाईत
की पाचावर खेळता.
तवा कोण इचारतंय?"

राज्य तिच्यावरच आलं.
खट्-कडाक्, खट्-कडाक्,
कधी मागून, कधी झाडाच्या पल्याडून.
एका पायावर उभं राहिल्यावर कळलं
जमीन किती हालती ते.
तिला ते कधीचं ठाऊक होतं.
चौघं बाद. मी तर दोनदा.

पाचव्या डावात
तिचा हात गंगासागरच्या वेणीला लागला की नाही
यावरून तंटा पेटला.
"रडी खाती!" "तूच रडी!"
गंगासागरनं ढकललं. ती पडली.
आम्ही सगळे थिजलो,
आणि ती उठली, स्वतःची स्वतः,
अन् तीच वेणी धरून अशी ओढली
की आता लागला का नाही हात, म्हणली, सांग.

तिच्याशी आजवर कुणी भांडलंच नव्हतं.
गुडघ्याला रक्त, केसांत माती,
आणि काय खूष दिसायलीय पोरगी!

तेवढ्यात टँकरचा भोंगा.
जो तो घागरी आणायला पळाला.
चपला राखायला कुणीच नव्हतं त्या दिवशी,
माझी डावी कुत्र्यानं नेली.
तापल्या फरशीवरून उजव्या पायानं
लंगडी घालत घरी गेलो,
आईचा मार खाल्ला.
नाव कुणाचं सांगावं, सुचलं नाही.

तर रकाना नऊ.
लिहायचं ठरवलं एकदाचं:
"चपला राखायला कुणाला बसवलं जात नाही."
वाकलो लिहायला,
आणि खिडकीतून दिसला
पाचवीतला विश्वंभर,
पायरीवर, खांबाला टेकून,
कुबड्या भिंतीला.
शेजारी चपला. ओळीनं.

रकाना तसाच ठेवलाय, साहेब.
मैदानात आहे मी.
विटकराचा तुकडा शोधतोय.